एक खोली सोडून

किसन रेणुसेने मला एका अपराधाची क्षमा केली आहे. ती त्याने फार पूर्वी, आम्ही दोघे विशी-बाविशीचे असताना केली आणि नंतर त्यावरून मला कधी एक शब्दही ऐकवला नाही. अडचण एवढीच, की ज्या अपराधाची त्याने क्षमा केली तो लहान होता. मोठा त्याला ठाऊकच नव्हता. लहान अपराध पुढे करून मोठा त्याच्या मागे झाकण्याची सोय मला आयती मिळाली, आणि ती मी तीस वर्षांहून अधिक काळ वापरली. वसतिगृहाची तपासणी होणार आहे हे मला आदल्या दिवशी समजले होते. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत जाऊन मी ते सांगितले. एक खोली सोडून. ती खोली माझी होती आणि तिच्यात किसन राहत होता. लिहायला बसलो तेव्हा वाटले होते, की एवढे सांगण्याआधी पुष्कळ प्रस्तावना करावी लागेल. लागली नाही. जे सांगायचे आहे ते चार वाक्यांत संपते. उरते ते केवळ त्याच्या भोवतालचे.

आमचे वसतिगृह विद्यापीठाच्या आवारात, झाडीच्या आतल्या अंगाला होते. दगडी भिंती, लांबच लांब व्हरांडे आणि व्हरांड्याच्या टोकाला स्नानगृहे. मी बार्शीकडून आलेला. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. घरात पुस्तकांपेक्षा तपासायच्या पाट्या अधिक. पुण्यात आल्यावर पहिले काही आठवडे मला त्या इमारतीच्या आवाजांचीच सवय करून घ्यावी लागली. पहाटे नळाला पाणी येण्याआधी नळातून हवा येई आणि ती अशी घरघरे, की जणू कोणी म्हातारा खाकरतो आहे. मग बादल्यांची रांग, त्या रांगेवरून होणारी भांडणे, कोणाच्या तरी ट्रान्झिस्टरवरच्या बातम्या, आणि खालून मेसच्या स्टीलच्या ताटांचा खणखणाट. मेसमध्ये बटाट्याचा रस्सा असे, किंवा बटाटा वगळून केलेला रस्सा असे. पोळी थंड झाली की तिची घडी मोडत नसे. रविवारी दुपारी मात्र पुरी, मसालेभात आणि श्रीखंड. त्याला सगळे ‘फीस्ट’ म्हणत. संध्याकाळी मेस बंद. त्यामुळे रविवारी दुपारी मुले इतकी जेवत, की नंतरचे दोन-तीन तास त्या इमारतीत कोणी हालचाल करत असेल असे बाहेरून वाटत नसे.

वसतिगृहात एक शब्द रूढ होता, पॅरासाइट. ज्याला खोली मिळालेली नाही आणि जो मित्राच्या खोलीत चोरून राहतो, तो पॅरासाइट. ‘परोपजीवी’ असे त्याचे मराठी कोणी करत नसे. मराठीत तो शब्द फार खरा वाटला असता. जवळजवळ प्रत्येक खोलीत असा एक असायचाच आणि त्यांच्या वागण्याचे अलिखित नियम होते. पॅरासाइटने कॉटवर बसायचे नाही. आंघोळीला रांगेत शेवटी उभे राहायचे. चपला दाराबाहेर काढायच्या नाहीत. त्या पिशवीत घालून कॉटखाली सारायच्या. दोरीवर कपडे वाळत घालायचे ते खोलीच्या मालकाच्या टॉवेलच्या आड. रेक्टर सर जिन्यावर दिसले की खालच्या मजल्यावरचा कोणीतरी लोखंडी कठड्यावर आंघोळीचा मग आपटी आणि सारे पॅरासाइट मागच्या जिन्याने उतरून झाडीत नाहीसे होत. थोड्या वेळाने एकेक करून परत येत, चेहऱ्यावर फिरायला गेल्याचा भाव ठेवून. हे नियम कोणी लिहिले नव्हते. ते ज्यांच्यासाठी होते त्यांनीच ते सर्वांत कसोशीने पाळले. आज मागे वळून पाहताना मला त्यातला अपमान दिसतो. तेव्हा ती केवळ व्यवस्था वाटे.

किसनचे गाव खडकवासल्याच्या धरणाच्या पलीकडे, डोंगरांच्या आत. पुण्याजवळच्या गावांतील मुलांना वसतिगृहात जागा द्यायची नाही असा नियम होता, आणि नकाशावर त्याचे गाव पुण्याजवळच होते. पण नकाशावर घाट दिसत नाहीत. गावाला येणारी एसटी कधी येई, कधी येत नसे; पावसाळ्यात रस्त्यावर दरड पडली की आठवडाच्या आठवडा येत नसे. आम्ही दोघेही गणिताच्या एम.एस्सी.ला होतो. पहिल्या सत्रात तो तासाला उशिरा येई, मागच्या बाकावर बसे आणि शेवटचा तास अर्धवट सोडून बस गाठायला धावे. एकदा मीच त्याला म्हणालो, “माझ्या खोलीत राहा की.” हे श्रेय मात्र माझे आहे आणि ते मी नाकारत नाही.

माझा खोलीतला जोडीदार अमरावतीकडचा वानखडे. त्याला विचारल्यावाचून मी किसनला बोलावले होते, म्हणून मी थोडा धास्तावलो होतो. वानखडेने किसनकडे खालपासून वरपर्यंत पाहिले आणि विचारले, “घोरते काय बे हा?”

“न्हाई,” किसन म्हणाला. “घोरायला पाठ टेकावी लागती. अजून कुठं टेकलीय?”

“मंग टेक. मले काय, जमीन सरकारची आहे.”

अशा रीतीने आमच्या दोन कॉटच्या मधल्या पट्ट्यात किसनची वळकटी पसरली. सिमेंटची ती जमीन हीच त्याची पाटी. संध्याकाळी तो खडू घेऊन उकिडवा बसे आणि मला न सुटलेली उदाहरणे जमिनीवर लिहून समजावून सांगे. शिकवताना त्याचा आवाज खाली जाई; जणू तो त्या अक्षरांशीच बोलतो आहे. “हे बघ मास्तर,” तो म्हणे. माझे वडील शिक्षक म्हणून मी त्याचा मास्तर. “हे उलटं धर. समज, आपल्याला पाहिजे ते खोटं हाय. मग काय हुईल, बघत जा.” पाहत गेले की खोट्याचा धागा कुठेतरी तुटेच, आणि उदाहरण सुटे. मग तो उठून त्या सगळ्या सिद्धतेवर आपली वळकटी अंथरी आणि झोपी जाई. सकाळी त्याच्या शर्टाच्या पाठीवर उमटलेला पुसट खडू वानखडे हाताने झटकी. “पाठीवर थेरम घेऊन फिरून राहिला,” तो म्हणे. पाण्याच्या रांगेत शेवटी उभे राहताना किसन हसून म्हणे, की हे सगळे पाणी आमच्या रानातून वाहत धरणात येते. म्हणजे खरे तर पहिली बादली त्याची. पण पहिली बादली त्याने कधी घेतली नाही.

त्याचा डबा गावाहून येई. गावातला दुधाचा टेम्पो पहाटे निघून नारायण पेठेतल्या एका डेअरीवर दूध उतरवी. त्याच टेम्पोत किसनची आई डबा ठेवून देई. किसन माझी सायकल घेऊन तो आणायला जाई. कधी मीही जात असे. डेअरीचे मालक बारीक अंगाचे, नेहमी बंडी घातलेले आणि बोलण्यात पक्के पेठेतले. पहिल्या दिवशी मी गिऱ्हाइकांमागे उभा राहिलो, तेव्हा त्यांनी मान वर न करता म्हटले होते, “ही रांग दुधाची आहे. डबेवाल्यांनी कडेला उभं राहावं. आणि दुधावर सावली पाडू नये.” डब्यात तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, काळ्या घेवड्याची उसळ, हुलग्याचे पिठले, करवंदाचे लोणचे असे. आरंभी भाकऱ्या एकापुरत्या येत. मग किसनने घरी सांगितले असावे की मास्तरला मेसचे जेवण सोसत नाही, आणि डब्याला आणखी एक कप्पा जोडला गेला. त्या बाईंनी मला पाहिलेले नव्हते. मला तिखट कमी लागते हे मात्र त्यांना ठाऊक होते, कारण वरच्या कप्प्यातले पिठले नेहमी फिके असे.

इतके असूनही माझ्या मनात त्याच्याविषयी काय साचत गेले, ते सांगणे मला अवघड जाते. मी ज्याचे शिकवणे घेत होतो, ज्याच्या घरचे खात होतो, तो माझ्या जमिनीवर झोपत होता. आणि तरीही आमच्या दोघांत लहान मीच आहे, असे मला रोज संध्याकाळी वाटे. तो तसे कधी भासवत नसे. भासवले असते तर भांडून मोकळा झालो असतो. त्या वर्षाच्या अखेरीस विभागात मला एक विषय मांडायचा होता. सिद्धता किसनकडूनच समजावून घेतली होती. फळ्यापाशी अर्ध्यावर मी अडखळलो आणि थांबलो. विभागप्रमुख म्हणाले, “कोणी पुढे नेऊ शकेल?” किसन उठला. त्याने माझी ओळ न पुसता, तिच्याच खाली पुढच्या चार ओळी लिहिल्या आणि खडू माझ्या हातात परत दिला, म्हणजे शेवटची ओळ मीच लिहावी. मी लिहिली. सरांनी त्याला विचारले, “आपण राहता कुठे?”

“गावाहून येतो, सर,” किसन म्हणाला. दुसरे काय सांगणार?

सर माझ्याकडे वळले. “हे गावाहून येऊन एवढं करतात. आपण इथेच राहता ना? मग आपण राहून काय करता?”

वर्ग हसला. किसन हसला नाही. बाहेर आल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी तो हात तसाच राहू दिला. पण मनातून मी तो केव्हाच झटकून टाकला होता. पुढे मीही प्राध्यापक झालो. फळ्यापाशी अडखळलेल्या मुलाला मी कधी कोणाशी तुलना करून बोललो नाही. याला मी सद्गुण म्हणत नाही. ती माझी भीती आहे. त्या वाक्याचे पुढे काय होऊ शकते हे मला ठाऊक आहे.

त्यानंतरच्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी, रेक्टर सरांनी मला बोलावून घेतले. मी मजल्याचा प्रतिनिधी होतो. बंद पडलेले दिवे आणि गळके नळ यांच्या तक्रारी कार्यालयात पोहोचवणे हे माझे काम. सर गृहस्थ म्हणून मऊ, बोलण्यात तिरकस. समोरच्या खुर्चीवर मला बसवून ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, “उद्या दुपारी जेवणानंतर मी तुमच्या मजल्यावर चक्कर टाकणार आहे. वरून तशी सूचना आली आहे. मला तिथे कोणी सापडावं अशी माझी काही इच्छा नाही. म्हातारपणी जिने चढायचे आणि वर कोणाचे तरी शाप घ्यायचे, हे मला झेपत नाही. मी काय म्हणतो ते आपल्याला समजलं ना?”

“समजलं सर,” मी म्हणालो. आणि मला खरोखरच समजले होते.

दुपारपासून मी खोल्या घेतल्या. दार वाजवून आत जायचे, हळू आवाजात सांगायचे, पुढच्या दाराकडे वळायचे. कोणी आभार मानले, कोणी पुढे केलेल्या डब्यातला चिवडा मुठीत दिला. एकाने विचारले, “तुमच्या किसनचं काय?” मी म्हणालो, “तो माझ्याच खोलीत आहे ना.” त्या उत्तरात खोटे काहीच नव्हते, आणि त्याचा अर्थ त्याने जसा घ्यायला हवा तसाच घेतला. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन मी माझ्या खोलीत परत आलो. किसन जमिनीवर बसून माझ्यासाठी प्रमेयांची उजळणी काढत होता. त्याने वर पाहून विचारले, “कुठं होतास रं इतका वेळ?” मी म्हणालो, “नळाची तक्रार होती.”

मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे, की त्या क्षणी माझा हेतू काय होता. तो पकडला जावा असे मी ठरवले होते का? इतके स्पष्ट ठरवायला जे धैर्य लागते तेही माझ्यात नव्हते. संध्याकाळपर्यंत सांगू, असे मी मनाशी म्हणालो. संध्याकाळी म्हणालो, सकाळी सांगू. सकाळी वानखडे कोथरूडला मावशीकडे निघून गेला, आणि किसन सायकल घेऊन नारायण पेठेकडे. बाकीच्या खोल्यांतले पॅरासाइट न्याहारीनंतर एकेक करून बाहेर पडू लागले. कोणी ग्रंथालयात, कोणी पर्वतीवर. किसन दारातून बाहेर पडला तेव्हा त्याला थांबवून चार शब्द बोलण्याएवढा वेळ होता. त्याने ‘येतो’ म्हटले आणि मी ‘ये’ म्हटले. हे ‘ये’ मी विसरलेलो नाही. सांगायचे राहिले नव्हते. मी न सांगण्याचे काम करत होतो, आणि ते कालपासून मन लावून करत होतो.

मी फीस्टला गेलो नाही. किसन डबा घेऊन आला, आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जेवायला बसलो. त्या दिवशी कठड्यावर तो मग कोणी आपटला नाही, कारण ज्याने आपटायचा, तो आमचा मजला रिकामा आहे हे जाणून निर्धास्त होता. दार उघडेच होते. रेक्टर सर एका कारकुनासह दारात येऊन उभे राहिले. त्यांनी आधी किसनकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आश्चर्य होते.

“हे कोण?” त्यांनी विचारले.

“मला माहीत नाही, सर,” मी म्हणालो. “वर्गातले आहेत. गणितातलं काही विचारायला आले होते.”

“ही वळकटी?”

सरांनी वर्तमानपत्राकडे पाहिले. “आणि डबा कोणाचा?”

“माझा,” मी म्हणालो.

किसनच्या हातात तुकडा होता. तो त्याने परत भाकरीवर ठेवला, हात पाण्याने धुतला आणि उभा राहिला. “व्हय सर,” तो म्हणाला. “यांची काय चूक न्हाई. मीच आलो. वळकटी माझी हाय.” कारकुनाने त्याचे नाव लिहून घेतले. किसनने कॉटखालची चपलांची पिशवी काढली, वळकटी बांधली, भिंतीवर टांगलेला सदरा घेतला; आणि दाराबाहेर पाऊल टाकल्यावर पिशवीतून चपला काढून त्या व्हरांड्यात, सगळ्यांना दिसतील अशा घातल्या. तो जिना उतरून गेल्यावर सर दारातच थांबले होते. कारकुनाला त्यांनी पुढे जायला सांगितले. मग मला म्हणाले, “काल मी आपल्याला बोलावलं होतं, ते चहासाठी नव्हतं.” एवढेच. या जगात खरी गोष्ट जाणणारा तो एक माणूस, आणि त्याने पुढे ती कोणालाही सांगितली नाही. ते आता नाहीत.

संध्याकाळी वानखडे आला. रिकामी जमीन पाहून त्याने सगळे विचारून घेतले. “अख्खा मजला खाली झाला, अन् आपलाच सापडला? तू तं प्रतिनिधी होता ना बे?” मी म्हणालो, की मला ऐन वेळी समजले, त्याला गाठता आले नाही. “अस्सं,” वानखडे म्हणाला. त्यानंतर एम.एस्सी. संपेपर्यंत त्याने मला कधी ‘बे’ म्हटले नाही. तो मला ‘तुम्ही’ म्हणू लागला. एवढ्या आदराने मला आजवर कोणी शिक्षा केलेली नाही.

पुढच्या आठवड्यात किसन विभागाच्या व्हरांड्यात भेटला. मी तोंड चुकवत होतो. तोच माझ्याजवळ आला. “मास्तर, मनाला लावून घेऊ नगंस,” तो म्हणाला. “ओळख दाखवली असतीस तर तुझी खोली गेली असती. तुझे वडील काय म्हणले असते? तुझ्या जाग्याला मी असतो तर मीबी तेच बोललो असतो.” नाही, तो बोलला नसता. हे त्या वेळीही मला माहीत होते. पण माझे डोळे भरून आले, ते त्याने पाहिले, आणि तो पश्चात्तापच आहे असे त्याला वाटले. काही अंशी तो होताही. मी त्याचा हात धरला आणि त्याने दिलेली क्षमा घेतली, जशी एखाद्याने दुसऱ्याच्या नावाची वस्तू पोस्टमनकडून सही करून घ्यावी.

डबा येतच राहिला. किसनने आईला काय सांगितले कोण जाणे. मी त्याला म्हणालो की आता नको, तर तो म्हणाला, “आई म्हणती, त्या पोराला सवय लागलीया, एकदम कशी बंद करायची?” मी नारायण पेठेत जाऊन कडेला उभा राही. एकदा डेअरीवाल्यांनी विचारले, “ते दुसरे कुठे गेले?”

“गावी असतात आता.”

“म्हणजे माणूस गावात आणि गावचा डबा पुण्यात. वा. शिकलेली माणसं आहात आपण.” त्यांनी डबा फळीवरून पुढे सरकवला. मी तो घेतला. आणि खोलीत येऊन, दार लावून, ते फिके पिठले मी खाल्ले. जेवण घशाखाली उतरत नव्हते असे लिहिले तर ते शोभून दिसेल, पण ते खरे होणार नाही. भूक लागलेली असे, आणि पिठले चांगले असे.

किसनचे नाव कार्यालयात गेल्यामुळे दुसरी कोणती खोली त्याला घेईना. त्यालाही कोणाकडे जायचे नव्हते. तो गावाहून ये-जा करू लागला. त्याचे तास बुडाले, तरी पाठांतर त्याला कधी लागलेच नाही. अंतिम परीक्षेच्या एका सकाळी एसटी धरणाच्या अलीकडे बंद पडली. तो चालत, मग दुधाच्या गाडीतून, मग धावत आला, तेव्हा दारे बंद झाली होती. उरलेले पेपर त्याने दिले, पण ते वर्ष गेले ते गेलेच. घरी वडील आजारी पडले, त्याने शाळेत नोकरी धरली, आणि संशोधनासाठी विभागात जी जागा त्याला मिळणार असे सारे धरून चालले होते, ती मला मिळाली. ती मी नाकारली नाही. माझे घर, माझे नाव, माझ्या मागे उभी असलेली ही पुस्तके, सगळे त्या जागेतून आलेले आहे.

नंतर किसन शहरात आला आणि कोथरूडमध्ये त्याने गणिताचे क्लास सुरू केले. आज त्याच्याकडे जागा मिळावी म्हणून आईवडील आधीच्या वर्षापासून खेटे घालतात. एवढ्या वर्षांत आमचा स्नेह तुटला नाही. सणावारी जाणे-येणे आहे. तो समाधानी आहे, हे पाहून मी स्वतःला अनेकदा समजावले, की झाले ते त्याच्या भल्याचेच झाले. दुसऱ्याच्या भल्याचा हिशेब आपल्या पापातून मांडण्याइतका निर्लज्जपणा शिकलेल्या माणसालाच साधतो.

गेल्या वर्षी त्याची मुलगी मुक्ता एम.एस्सी.साठी दिल्लीला निघाली. तिला तिथल्या विद्यापीठात वसतिगृह मिळाले होते. किसनने मला मुद्दाम बोलावले. “मास्तर, तिला चार गोष्टी सांग. होस्टेलमध्ये तू राहिलास, मी नुसता लपलो.” रविवार होता, क्लासला सुट्टी. फळ्यासमोरच्या बाकांवर आम्ही तिघे बसलो होतो. वहिनी आत चहा टाकत होत्या. किसन रंगात येऊन पॅरासाइटांचे नियम सांगू लागला, कठड्यावर आपटलेल्या मगाचा आवाज, मागचा जिना, झाडीतली पळापळ. मुक्ता हसून हसून बेजार झाली. मग त्याने तो रविवार सांगितला. सांगताना माझी बाजू त्याने इतकी सांभाळून घेतली, की त्यात मीच बिचारा ठरलो. “घाबरला गं हा. बावीस वर्षांचं पोर. आणि बघ, तरी पुढे कायम जिव्हाळा ठेवला.”

“पण बाबा, एक मिनिट,” मुक्ता म्हणाली. “तुम्ही आत्ताच म्हणालात ना, प्रत्येक खोलीत एक पॅरासाइट होता. मग त्या दिवशी फक्त तुम्हीच कसे सापडलात? बाकीचे?”

“बाहेर गेले होते.”

“सगळेच? रविवारी, फीस्ट सोडून? प्रॉबॅबिलिटी काढा ना. हे रँडम नाहीये, बाबा. कोणीतरी सांगितलं असणार त्यांना.”

“अगं, नशीब असतं एकेकाचं,” किसन म्हणाला. त्याने ते फार पटकन म्हटले. त्याची नजर माझ्याकडे आली नाही. समोरच्या कोऱ्या फळ्यावर स्थिर राहिली. आणि तेव्हा प्रथमच माझ्या मनात आले, की ज्याने साऱ्या वर्गाच्या आधी प्रत्येक उदाहरण सोडवले, त्याला हे एवढे एक उदाहरण कधी पडलेच नसेल का? मला त्याचे उत्तर ठाऊक नाही. त्याला ठाऊक असेल, तर एवढी वर्षे त्याने ते मोठेपण माझ्यासाठी वागवले. नसेल, तर आता पोरीच्या प्रश्नासमोर तो एकटा बसला होता. दोन्ही बाजूंनी मला एकच वाट उरली होती. वहिनी चहाचे कप घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या, कारण मी उठून उभा राहिलो होतो. का उठलो ते माहीत नाही. शाळेत चुकलेला मुलगा उठतो तसा उठलो असेन.

“नशीब नव्हतं, मुक्ता,” मी म्हणालो. “त्यांना मी सांगितलं होतं. तपासणीचं मला आदल्या दिवशी कळलं होतं, आणि मी दारोदार जाऊन सगळ्यांना सांगितलं. किसनला सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. तो माझ्याहून हुशार होता आणि ते मला सहन होत नव्हतं. किसन, रेक्टरसमोर मी तुला ओळखलं नाही त्याची क्षमा तू केव्हाच केलीस. ती मी मागितली नव्हती, तरी केलीस. ही मात्र मी मागतो. मला माहीत होतं, आणि मी तुला सांगितलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर.”